रंगीत लेबलचा प्रिंटर घ्यायचाय? आधी शाईचा आणि रोलचा हिशोब मांडा



हळद पॉलिश होऊन दळायला निघालीय, तूरडाळ भरडून झालीय, गुळाची पावडर तयार आहे. पाऊच भरायचा हंगाम आला की ऑफिसच्या फोनवर दरवर्षी एकच प्रश्न येतो, लेबलचं काय करायचं? यंदा प्रश्न जरा पुढे गेलाय. गेल्या पंधरा दिवसांत पाच सभासदांनी रंगीत रोल प्रिंटरबद्दल विचारलं. दोघांच्या हातात कोटेशन आहे, एक जण तर हप्त्यावर मशीन उचलायच्या तयारीत आहेत. म्हणून आजचा मेसेज लांब आहे. सवडीने वाचा, पण कुणाला ॲडव्हान्स देण्याआधी वाचा.

ऑफिसचं मत आधीच सांगून टाकतो. ज्याचा माल एक-दोनच प्रकारचा आहे आणि पिशव्या हजारांनी जातात, त्याने स्वतःचा रंगीत प्रिंटर घेऊ नये. रंग प्रेसकडून एकदाच छापून घ्यावा आणि तारीख, बॅच, किंमत घरच्या साध्या काळ्या प्रिंटरवर मारावी. रंगीत मशीन लागतं ते प्रकार भरपूर आणि प्रत्येकाची लेबलं थोडी असतील तेव्हा. तेही एकट्याने घेण्यापेक्षा सर्वांत मिळून एक बरं.

*रंग लागतो तरी किती?*

अन्नपदार्थाच्या पाकिटावर कायद्याने रंगीतच हवी अशी खूण आपल्या मालापुरती एकच: शाकाहारी मालाचा हिरवा ठिपका. हिरव्या कडेच्या चौकोनात हिरवा भरलेला गोल. तो काळा छापून चालत नाही. बाकी नाव, वजन, एमआरपी, एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर, घटक, पोषणमूल्यं, पॅकिंगची तारीख, बॅच, पत्ता हे सगळं काळ्या शाईत चालतं. बाकीचा रंग गिऱ्हाइकाच्या डोळ्यासाठी. तो नको असं म्हणत नाही, दुकानाच्या फळीवर माल उठून दिसायलाच हवा. पण हळद स्वतःच पिवळीधमक असते. पारदर्शक खिडकीच्या पाऊचमधून ती दिसत असताना लेबलची सगळी जमीन पिवळी करून शाई कशाला जाळायची?

*मशीन तीन जातीची*

पहिली जात डायरेक्ट थर्मल. वजनकाट्याची पावती किंवा कुरिअरचं लेबल निघतं तसली. शाई नाही, रिबन नाही, उष्णतेने कागदच काळा होतो. म्हणूनच उन्हात आणि गरम गोदामात अक्षरं उडतात. वर्षभर टिकवायच्या पाकिटाला हे घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी.

दुसरी थर्मल ट्रान्सफर. हिच्यात रिबन असते आणि रिबनवरचा काळा थर गरम होऊन लेबलवर चिकटतो. रिबनचे प्रकार तीन: वॅक्स, वॅक्स-रेझिन आणि रेझिन. साध्या कागदी लेबलला वॅक्स चालते. बोटाने घासून तारीख निघायला नको असेल तर वॅक्स-रेझिन घ्या. घाण्याच्या तेलाची बाटली असेल तर प्लास्टिक फिल्मचं लेबल आणि रेझिन रिबन, कारण तेलाचा ओघळ कागदात मुरतो आणि लेबल काळवंडतं.

तिसरी रंगीत इंकजेट रोल प्रिंटर. एप्सनची कलरवर्क्स मालिका, प्रायमेरा, असली नावं तुम्हाला कोटेशनमध्ये दिसतील. घरच्या रंगीत प्रिंटरचंच हे रोलवर चालणारं रूप. शाई पिगमेंट आहे का डाय, हे आधी विचारा. पिगमेंट शाई पाण्याला आणि उन्हाला जास्त टिकते. डाय शाईचा रंग भडक दिसतो, पण ओला हात लागला की पसरायची भीती असते.

*आता हिशोब*

खालचे आकडे समजण्यापुरते धरलेत. तुमच्या कोटेशनमधले आकडे त्या जागी घाला, रीत तीच राहील.

धरा, प्रेसवाला एका डिझाइनच्या प्लेटचे आणि जुळणीचे ५,००० रुपये घेतो आणि छापील रंगीत लेबल ७० पैशाला देतो. त्यावर घरी काळं छापायला रिबनचे २० पैसे. म्हणजे लेबल ९० पैशाला पडलं. स्वतःच्या रंगीत मशीनवर कोरं लेबल ८० पैसे आणि शाई १ रुपया ४० पैसे, एकूण २ रुपये २० पैसे. फरक १ रुपया ३० पैशांचा. ५,००० ला १.३० ने भागा, साधारण ३,८५० येतात. एका डिझाइनची त्याहून जास्त लेबलं लागत असतील तर प्रेस स्वस्त. यात मशीनची किंमत अजून धरलेलीच नाही.

ती धरून बघू. मशीन १ लाखाचं, चार वर्षं चाललं, म्हणजे वर्षाला २५,००० रुपये. वर्षाला हळदीचे २०,००० पाऊच भरणाऱ्या सभासदाला प्रेसच्या मार्गाने २३,००० रुपये लागतील. स्वतःच्या रंगीत मशीनवर ४४,००० अधिक २५,०००, म्हणजे ६९,०००. काळ्या प्रिंटरची किंमत वेगळी, पण रंगीतच्या मानाने ती बरीच कमी असते. दुसऱ्या वर्षी प्लेट तीच राहिली तर प्रेसचा खर्च आणखी खाली येतो. हप्त्यावर मशीन घ्यायला निघालेल्या सभासदांनी हा परिच्छेद घरच्यांबरोबर बसून पुन्हा एकदा वाचावा ही विनंती.

उलट बाजूही बघा. बचत गटाच्या ताईंकडे मसाले, लोणची, पापड, चटण्या मिळून १२ प्रकार, आणि प्रत्येकाची ५०० लेबलं. प्रेसकडे १२ डिझाइनचे ६०,००० आणि वर लेबलांचे ५,४००, एकूण ६५,४००. रंगीत मशीनवर १३,२०० अधिक २५,०००, म्हणजे ३८,२००. शिवाय ५०० लेबलांसाठी प्रेसवाला मशीन लावायलाच तयार नसतो. त्याची किमान ऑर्डर असते, आणि मग उरलेले रोल कपाटात पडून त्यांचा गोंद वाळतो.

पण ताईंसाठी सुद्धा मशीनच्या आधी एक सोपा मार्ग आहे. सगळ्या प्रकारांना मिळून *एकच रंगीत कोरा रोल* छापून घ्यायचा. वर गटाचं नाव आणि चिन्ह, रंगीत पट्टा, हिरवा ठिपका, आणि खाली मोठी पांढरी चौकट. मालाचं नाव, घटक, वजन, किंमत, तारीख हे सगळं त्या चौकटीत काळ्याने. एक प्लेट, ६,००० लेबलं, खर्च १०,४००. तोटा एवढाच की मिरचीचं आणि मेतकुटाचं लेबल लांबून सारखं दिसतं. तेवढं चालत असेल तर रंगीत मशीनचा विषय तिथेच मिटतो. प्रदर्शनासाठी किंवा नव्या खरेदीदाराला नमुना पाठवण्यासाठी शे-दोनशे लेबलं हवी असतील तर ए-फोर आकाराचे स्टिकर कागद आणि घरची इंक टँक पुरे. कात्रीने कापायचा कंटाळा असेल तर आधीच कापे दिलेले कागद मिळतात.

*प्रेसवाल्याला काय सांगायचं*

एक गोष्ट लेबलच्या धंद्यातल्यांना ठाऊक असते, आपल्याला नसते. छापील रोलला चमक यावी म्हणून वरून वार्निश किंवा लॅमिनेशन मारतात. त्यावर थर्मल ट्रान्सफरची रिबन नीट धरत नाही. आपल्याच एका सभासदाच्या हळदीच्या पेट्या गेल्या हंगामात दुकानातून परत आल्या. तारीख छापलेली होती, पण हाताळणीत पुसून गेली, आणि बिनतारखेचा माल दुकानदार फळीवर ठेवेना. माल चांगला होता, दळण चांगलं होतं. वाहतूक दोन्ही बाजूंची अंगावर पडली. म्हणून ऑर्डरच्या कागदावर लिहून द्या: *मजकुराच्या चौकटीवर वार्निश नको, लॅमिनेशन नको.* नमुन्याचा हातभर तुकडा आधी मागवा, स्वतःच्या रिबनने छापा, पाच मिनिटांनी अंगठ्याने जोरात घासा. मग ऑर्डर.

रोलच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीचं माप विचारा. टेबलावरच्या छोट्या मशीनला बहुधा १ इंची नळी लागते, मोठ्या मशीनला ३ इंची. लेबल रोलच्या बाहेरच्या बाजूला गुंडाळलंय का आतल्या, दोन लेबलांमध्ये किती फट आहे, मागे काळी खूण आहे का, हे आपल्या मशीनच्या माहितीपत्रकाशी जुळवून घ्या. रोल बसलाच नाही तर तो परत कोण घेणार?

एकदम दोन वर्षांचा साठा छापू नका. दर पडला म्हणून मोह होतो, पण पत्ता बदलतो, नियम बदलतात, गोंदाचं वय होतं. आणि बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे वजन, एमआरपी, बॅच, तारीख, रंगीत छपाईत कधीच घालू नका.

*तारखेचं वेगळं स्टिकर नको*

रिबन वाचवायला बरेच जण मोठं लेबल प्रेसकडून पूर्ण छापून घेतात आणि तारीख-किमतीचं छोटं स्टिकर वेगळं चिकटवतात. पैसे वाचतात हे खरं. ३०० मीटरच्या रिबनवर १०० मिलिमीटर लांबीची सुमारे २,९०० लेबलं निघतात, तर २५ मिलिमीटरची छोटी स्टिकरं दहा हजारांच्या वर. पण पॅकबंद मालाच्या २०११ च्या वजनमापे नियमांत, सक्तीची माहिती देण्यासाठी किंवा बदलण्यासाठी पाकिटावर असं सुटं स्टिकर लावायला मनाई आहे. किंमत कमी करायची असेल तर सवलत आहे, पण तेव्हाही जुनी किंमत झाकायची नाही. तपासणीत हीच गोष्ट पहिली नजरेत येते. तारीख-किंमत मूळ लेबलवरच छापा.

त्याच नियमांत आता एककाचा भावही द्यावा लागतो. १ किलोच्या आतलं पाकीट असेल तर ग्रॅमला किती, वर असेल तर किलोला किती. २०० ग्रॅम हळद ७० रुपयांना असेल तर ०.३५ रुपये प्रति ग्रॅम. बरोबर १ किलोचं पाकीट असेल तर एमआरपी हाच भाव, वेगळा लिहायची गरज नाही.

भाषेबद्दल बरेच जण भांडतात, पण नियम स्पष्ट आहे. सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवी. मराठी त्याच्या जोडीला खुशाल घाला, मोठ्या अक्षरात घाला, पण नुसत्या मराठीवर भागत नाही. आणि मराठी छापताना जोडाक्षरं बघा. प्रिंटरच्या आतल्या अक्षरसंचात बहुतेक वेळा देवनागरी नसते, मग ‘सेंद्रिय’चा चुरा होतो. कॉम्प्युटरवर युनिकोडमध्ये टाइप करून मजकूर चित्र म्हणून पाठवला की हा त्रास होत नाही.

भौगोलिक मानांकनाबद्दल एकच ओळ. सांगली हळद, वायगाव हळद अशी मानांकित नावं आणि त्यांचा लोगो अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाल्यावरच लेबलवर घाला.

बारकोड असेल तर काळा, पांढऱ्या जमिनीवर. लाल बारकोड दिसायला छान, पण दुकानातल्या स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला लाल रेघा दिसतच नाहीत. मोबाइलवर वाचला गेला म्हणून दुकानात वाचला जाईलच असं नाही. पहिली चार लेबलं ओळखीच्या किराणा दुकानात नेऊन वाजवून बघा.

*रंगीत मशीन आहेच, मग स्वस्तात चालवायचं कसं*

काहींकडे मशीन आधीच आहे, काहींना माल बघता ते घ्यावंच लागेल. त्यांच्यासाठी पुढचं.

रोल इंकजेटसाठी लेप दिलेलाच हवा. बाजारातला स्वस्त गुळगुळीत रोल थर्मल ट्रान्सफरसाठी असतो. त्यावर इंकजेटची शाई वाळतच नाही, बोटाला येते. लेप असलेला रोल महाग पडतो, पण इथे काटकसर केली तर शाई आणि रोल दोन्ही वाया. नवीन रोल आणला की छापून एका लेबलवर पाण्याचा थेंब टाका, एक फ्रीजमध्ये ठेवा, एक खिडकीत पंधरा दिवस उन्हात. मग मोठी ऑर्डर.

खरा पैसा शाईत जातो, आणि शाई किती जाणार हे डिझाइनवर ठरतं. जमीन पांढरी ठेवा. अक्षरं शुद्ध काळ्यात करा. डिझाइन करणाऱ्या पोराला स्पष्ट सांगा, काळा रंग तिन्ही रंग मिसळून करू नको. मिसळलेल्या काळ्याने बारीक अक्षरांच्या कडा फिसकटतात आणि रंगीत कार्ट्रिज उगाच रिकामी होते. विक्रेत्याकडून तुमच्याच डिझाइनवर एका लेबलला किती शाई लागते ते लेखी घ्या. त्याच्या कॅटलॉगमधला आकडा त्याच्या डिझाइनचा असतो.

इंकजेटचा शत्रू म्हणजे पडून राहणं. हंगाम संपला आणि मशीन चार महिने झाकून ठेवलं की हेडची छिद्रं वाळतात. आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेलं एक लेबल काढा, मुलांना गंमत म्हणून काढू द्या. रेघ तुटायला लागली तर आधी नोझल तपासणीचा कागद काढा. लगेच हेड क्लीनिंगचं बटण दाबू नका. प्रत्येक क्लीनिंगला सगळ्या कार्ट्रिजमधली शाई जाते, आणि ती जाते मेंटेनन्स बॉक्समध्ये. तो बॉक्स भरला की तोही विकतच आणावा लागतो. कोटेशनमध्ये त्याची किंमत बहुधा लिहिलेली नसते, विचारून घ्या.

बंद करताना भिंतीवरचं बटण मारायचं नाही. मशीनचं स्वतःचं बटण दाबलं की हेड जागेवर जाऊन झाकलं जातं, मग वीज बंद करायची. आपल्याकडे भारनियमन कधीही होतं, तेव्हा हेड उघडंच राहतं. म्हणून दहा मिनिटं निभावेल असा छोटा यूपीएस जोडा. त्याचा खर्च एका हेडच्या दुरुस्तीपुढे काहीच नाही.

मशीन गिरणीच्या खोलीत ठेवू नका. हळदीची आणि पिठीसाखरेसारख्या गुळाची धूळ सेन्सरवर बसते, मग फट ओळखता येत नाही आणि छपाई सरकत जाते. वेगळी खोली, वर स्वच्छ कापड, उरलेला रोल प्लास्टिकच्या पिशवीत उभा न ठेवता आडवा. रोल बदलला की फट ओळखण्याचं कॅलिब्रेशन करून घ्या. त्यात दोन-तीन कोरी लेबलं जातात. ती जाऊ द्या, नाहीतर पन्नास तिरकी निघतील.

लेबल भरलेल्या पाऊचला लावण्यापेक्षा रिकाम्या, सपाट पाऊचला आधी लावा. भरल्यावर बाहेरून पावडर लागते आणि गोंद धरत नाही.

तारीख कॉम्प्युटरच्या घड्याळावरून आपोआप घ्यायची सोय असेल तर रोज सकाळी घड्याळ बघा. जुन्या कॉम्प्युटरची आतली बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि तीच लेबलवर उतरते. एक वही ठेवा. बॅच नंबर, किती लेबलं छापली, किती लागली, किती फाडली. उद्या एखाद्या बॅचबद्दल तक्रार आली तर ही वहीच कामाला येते. उरलेली तारखेची लेबलं फाडूनच टाका, पुढच्या बॅचला चुकून लागायला नकोत.

*अनुदानाचं*

केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाला पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आहे. ते बँक कर्जाशी जोडलेलं आहे. आधी रोखीने मशीन आणून मागून बिल दाखवलं असं तिथे चालत नाही. गिरणी आणि पॅकिंग मशीनचा प्रस्ताव करतच असाल तर त्यात लेबल प्रिंटर बसतो का, योजना सध्या अर्ज घेतेय का, हे कृषी कार्यालयात जिल्हा संसाधन व्यक्तीला विचारून मगच कोटेशन जोडा.

*आता तुमच्याकडून काय हवंय*

पॅकिंग केंद्रावर सर्वांसाठी एक रंगीत मशीन घ्यावं का, हा विषय पुढच्या संचालक बैठकीत आहे. अंदाजाने ठरवायचं नाही. या शुक्रवारपर्यंत याच नंबरवर चार गोष्टी पाठवा: तुमच्या मालाचे प्रकार किती, प्रत्येकाची वर्षाला लेबलं किती, लेबलचं माप, आणि एकच सामाईक रंगीत रोल तुम्हाला चालेल का. लिहायचा कंटाळा आला तर आवाजात पाठवा. छोट्या लॉटची बेरीज मशीनचा खर्च भरून काढत असेल तरच मशीन, नाहीतर सामाईक रोलची एकत्र ऑर्डर टाकू. एकत्र ऑर्डरीत प्लेटचे पैसे वाटले जातील आणि दरही खाली येईल.

पुढच्या मंगळवारी सकाळी अकराला केंद्रावर एक विक्रेता मशीन दाखवायला आणतोय. येताना तुमचा रिकामा पाऊच आणि डिझाइनची फाइल मोबाइलमध्ये घेऊन या. त्याचं डिझाइन बघायचं नाही, आपलंच छापून घ्यायचं. ज्यांनी ॲडव्हान्स द्यायचं ठरवलंय त्यांनी तेवढा मंगळवार जाऊ द्यावा.